सर्दी-फ्लूचा हंगाम आणि महासाथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्दी-फ्लूचे दिवस आणि महासाथीचा विषाणू एकाच वेळी समोर उभे राहिले की एरवी ज्या शिंकेकडे कोणी लक्ष दिले नसते तिचीही धास्ती वाटू लागते. पुढील प्रश्न वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. उत्तरे एरवी निरोगी असलेली प्रौढ व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. घरात तान्हे बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा जुना आजार असलेली व्यक्ती असेल, तर प्रश्न १५, १६ आणि २० आधी वाचावेत. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट प्रश्न १७ पाहावा.

१. साधी सर्दी, फ्लू आणि कोविड हे वेगळे आजार आहेत, की एकाच आजाराच्या कमी-जास्त पायऱ्या?

हे वेगवेगळे आजार आहेत. सर्दी हे दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होणाऱ्या त्रासाला दिलेले एकच नाव आहे आणि त्या विषाणूंमध्ये ऱ्हायनोव्हायरस सर्वाधिक आढळतो. फ्लूची हंगामी साथ इन्फ्लुएन्झा विषाणूच्या ए आणि बी या प्रकारांमुळे येते, तर कोविड सार्स-सीओव्ही-२ या कोरोनाविषाणूमुळे होतो. सर्दी ‘वाढून’ फ्लू होत नाही आणि फ्लू ‘बिघडून’ कोविड होत नाही. म्हणूनच एका आजाराची लस किंवा विषाणूविरोधी औषध दुसऱ्यावर चालत नाही.

२. मग मला नेमके काय झाले आहे, हे लक्षणांवरून घरीच ओळखता येईल का?

खात्रीने ओळखता येत नाही. सर्दी सहसा हळूहळू चढते: आधी घसा खवखवतो, मग नाक गळू लागते, शिंका येतात आणि ताप आला तरी प्रौढांमध्ये तो किरकोळ असतो. फ्लू बहुधा एकाएकी येतो. सकाळी कामात असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग मोडून येते, डोके ठणकते आणि अंथरुणातून उठवत नाही. कोविड यांपैकी कोणतेही रूप घेऊ शकतो. नाक चोंदलेले नसताना वास आणि चव जाणे ही २०२० मध्ये त्याची ठळक खूण मानली जात होती, परंतु ओमिक्रॉननंतर ती पूर्वीइतकी आढळत नाही. लस घेतलेल्या व्यक्तीचा फ्लू सर्दीसारखा सौम्य असू शकतो आणि वृद्धांना गंभीर संसर्ग होऊनही ताप येतोच असे नाही.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ थोडी दिशा दाखवतो. फ्लूमध्ये तो १ ते ४ दिवसांचा, बहुतेकदा २ दिवसांचा असतो, तर कोविडमध्ये तो २ ते १४ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. तरीही लक्षणांचे तक्ते ताडून ‘ही फक्त सर्दी आहे’ असा निर्वाळा स्वतःच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बहुतेक चुका त्या एका वाक्यापासून सुरू होतात. नाव नंतर कळले तरी चालते, पण प्रश्न ५ मध्ये सांगितलेली कामे थांबवू नयेत.

३. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आहे. मग अजून इतकी काळजी कशासाठी?

३० जानेवारी २०२० रोजी जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठवण्यात आली, हे खरे आहे. मात्र आणीबाणी उठली याचा अर्थ विषाणू गेला असा नाही, आणि संघटनेनेही त्याच वेळी हा धोका टिकून असल्याचे सांगितले होते. लसीकरण आणि आधीचे संसर्ग यांमुळे बहुतेकांचा आजार आता सौम्य राहतो, परंतु वृद्ध आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

शिवाय खबरदारीचा उपयोग होतो, याचा पुरावा आपल्यासमोर आहे. २०२०-२१ च्या हंगामात मास्क, अंतर आणि थांबलेला प्रवास यांमुळे अनेक देशांत फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. इन्फ्लुएन्झा बीचा यामागाता हा उपप्रकार मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे आढळलेलाच नाही. तितके कडक निर्बंध कायम ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही; पण आजारी असताना चारचौघांत न मिसळणे तरी प्रत्येकाच्या हातात असते.

४. थंडी वाजल्याने किंवा ओल्या केसांनी बाहेर गेल्याने सर्दी होते का?

विषाणूशिवाय सर्दी होत नाही. पण थंडीचा काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. थंड व कोरड्या हवेत इन्फ्लुएन्झाचा विषाणू अधिक काळ तग धरतो, कोरड्या हवेने नाकातील संरक्षक अस्तर शुष्क होते, आणि दारे-खिडक्या लावून माणसे एकत्र बसतात. यांतले शेवटचे कारण सर्वांत सहज बदलता येण्याजोगे आहे (प्रश्न ९). समशीतोष्ण प्रदेशांत फ्लू हिवाळ्यात उसळतो, तर उष्ण प्रदेशांत तो पावसाळ्यात किंवा वर्षभरही आढळतो. कोविडने मात्र एकाच ऋतूचे बंधन पाळलेले नाही.

५. आज सकाळपासून घसा दुखतो आहे आणि कणकण वाटते आहे. आता नेमके काय करावे?

या आजारांत पहिले दोन दिवस सर्वांत मोलाचे असतात आणि नेमके तेच ‘उद्यापर्यंत पाहू’ म्हणण्यात निघून जातात. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून आणि नंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत इतरांना सर्वाधिक संसर्ग देतो. दुसरे म्हणजे औषधांची वेळ ठरलेली असते: फ्लूवरील ओसेल्टामिविर लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक लाभ होतो, तर कोविडवरील निर्माट्रेल्व्हिर आणि रिटोनाव्हिर यांच्या एकत्रित गोळ्या ५ दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात आणि त्यांची खरी गरज असते ती धोका अधिक असलेल्या व्यक्तींना. त्यांनी चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊ नये, पहिल्याच दिवशी फोन करावा. ४८ तास उलटून गेले असतील तरी गंभीर आजारी किंवा अधिक धोका असलेल्या व्यक्तीला डॉक्टर ओसेल्टामिविर देऊ शकतात, म्हणून उशीर झाला या विचाराने गप्प बसू नये.

म्हणून कणकण जाणवताच त्या दिवसाचे बाहेरचे काम रद्द करावे, शक्य असल्यास वेगळ्या खोलीत झोपावे, चाचणी उपलब्ध असेल तर करावी (प्रश्न ६), आणि लक्षणे कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात आणि तापात नेमके हेच आठवत नाही. भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती आणि गरजेपुरते तापाचे औषध एवढ्यावर बहुतेक निरोगी माणसे आठवडाभरात बरी होतात. खोकला व थकवा मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक रेंगाळू शकतो.

६. घरी केलेली कोविडची चाचणी निगेटिव्ह आली. आता कामावर जायला हरकत नाही ना?

हरकत आहे. रॅपिड अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर बहुतांशी विश्वास ठेवता येतो, परंतु एकच निगेटिव्ह निकाल पुरेसा नसतो, कारण आजाराच्या अगदी सुरुवातीला नाकातील विषाणूचे प्रमाण चाचणीला दिसण्याइतके नसते. लक्षणे असतील तर ४८ तासांनी ती पुन्हा करावी. आरटी-पीसीआर अधिक संवेदनशील असते, मात्र बरे झाल्यावरही काही आठवडे ती पॉझिटिव्ह राहू शकते. त्यामुळे ‘आता माझ्यापासून संसर्ग होतो का’ हे ठरवण्यासाठी ती योग्य नाही.

शिवाय कोविड नसला तरी फ्लू किंवा आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) असू शकतो. सहकाऱ्याच्या घरातील तान्ह्या बाळाला यांपैकी कशानेही रुग्णालयात जावे लागू शकते. चाचणीने फक्त एका विषाणूबद्दल उत्तर दिलेले असते.

७. किती दिवस इतरांपासून दूर राहावे?

फ्लूचा संसर्ग लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण ५ ते ७ दिवस होऊ शकतो, तर कोविडचा ८ ते १० दिवसांपर्यंत होऊ शकतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती याहून अधिक काळ विषाणू बाहेर टाकतात. व्यवहारात पाळता येईल असा नियम असा: तापाचे औषध न घेता २४ तास ताप नसावा आणि एकूण लक्षणे उतरणीला लागलेली असावीत, तोपर्यंत घरीच राहावे, त्यानंतरचे ५ दिवस बंद जागेत मास्क वापरावा आणि वृद्ध किंवा आजारी व्यक्तींच्या भेटी टाळाव्यात. ‘औषध न घेता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गोळीने उतरवलेला ताप संसर्ग थांबवत नाही. आपल्या देशातील आरोग्य विभागाचे नियम याहून कडक असतील तर तेच पाळावेत.

८. कापडी मास्क पुरतो का? आणि सगळेच मास्क काढून बसलेले असताना मी एकट्याने घालण्यात अर्थ आहे का?

कापडी मास्क काहीच नसण्यापेक्षा बरा, शस्त्रक्रियेत वापरतात तो त्याहून चांगला, आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ किंवा त्या तोडीचा मास्क सर्वांत चांगला. एन९५ मधील ९५ हा आकडा किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवले जातात असे सांगतो, मात्र गालाशी फट राहिली तर तो फायदा उरत नाही. दाट दाढीमुळेही अशी फट पडते. श्वास बाहेर सोडण्याची झडप असलेला मास्क घालणाऱ्याचे रक्षण करतो, परंतु इतरांचे तितके करत नाही, म्हणून आजारी व्यक्तीने तो वापरू नये.

एकट्याने घालण्यातही अर्थ आहे. नीट बसलेला एन९५ समोरच्याने मास्क घातलेला नसतानाही संरक्षण देतो. गर्दीचे वाहन, दवाखान्याची प्रतीक्षागृहे आणि आजारी माणसाची खोली या तीन ठिकाणी तरी तो टाळू नये.

९. हात धुणे आणि वस्तू पुसणे महत्त्वाचे, की खोलीतील हवा?

दोन्ही महत्त्वाची आहेत, परंतु हवेकडे आपण फार कमी लक्ष देतो. बोलताना, खोकताना, गाताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, आणि कोविडचा प्रसार मुख्यतः असा होतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघडल्या तरी हवा खेळू लागते. कडाक्याच्या थंडीत त्या दर तासाला काही मिनिटे पूर्ण उघडणेही उपयोगाचे ठरते. ते शक्य नसेल तर हेपा गाळणीचे हवा शुद्ध करणारे यंत्र मदत करते. खोलीतील हवाच फिरवत ठेवणारा पंखा किंवा वातानुकूलन यंत्र म्हणजे वायुवीजन नव्हे.

हातांसाठी साबण आणि २० सेकंद पुरतात. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असावे आणि हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबणच वापरावा. बाजारातून आणलेली प्रत्येक पिशवी पुसत बसण्याची गरज नाही.

१०. फ्लूची लस दरवर्षी का घ्यावी लागते? आणि ती कोविडच्या लशीबरोबर घेता येते का?

इन्फ्लुएन्झाचा विषाणू सतत रूप बदलतो आणि लशीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते उपप्रकार असावेत याची शिफारस करते. यामागाता नाहीसा झाल्याने (प्रश्न ३) आता चारऐवजी तीन घटकांची लस पुरेशी मानली जाते. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे ती हंगामाआधी घेणे उत्तम. राहून गेली असेल तर हंगामाच्या मध्यावर घेतलेलीही वाया जात नाही. दोन्ही लशी एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांवर घेता येतात.

काही हंगामांत फ्लूच्या लशीची परिणामकारकता ४० टक्क्यांच्याही खाली जाते, हे मान्य केले पाहिजे. तरीही लस घेतलेल्यांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी येते, आणि माझ्या दृष्टीने लस घेण्याचे खरे कारण तेच आहे.

११. गेल्या वर्षी लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी ताप आला. लशीमुळेच फ्लू झाला ना?

नाही. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखणे, किंचित ताप आणि अंगदुखी ही प्रतिकारशक्ती कामाला लागल्याची लक्षणे असून ती एक-दोन दिवसांत जातात. त्याच सुमारास दुसऱ्याच विषाणूची सर्दी होणे किंवा संरक्षण तयार होण्याआधीच फ्लूची लागण होणेही शक्य असते. मात्र आधीच्या डोसनंतर तीव्र अॅलर्जी झाली असेल, तर पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

१२. व्हिटॅमिन सी, झिंक, वाफ यांनी प्रतिकारशक्ती वाढते का?

नियमित व्हिटॅमिन सी घेतल्याने सामान्य लोकांमध्ये सर्दीचे प्रमाण कमी होत नाही. तिचा कालावधी थोडा घटतो, इतकेच. झिंकबाबतचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि नाकात घालण्याचे झिंक टाळावे, कारण त्याने वास कायमचा गेल्याची उदाहरणे आहेत. वाफेने नाक मोकळे वाटते, पण विषाणू मरत नाही, आणि उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजतात. मुलांना वाफ देऊच नये.

झोपेविषयीचा पुरावा मात्र ठोस आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडण्यात आला, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सर्दी होण्याची शक्यता चार पटींहून अधिक असल्याचे आढळले. गोळ्यांच्या बाटलीवर खर्च करण्यापूर्वी रात्री वेळेवर झोपावे. धूम्रपान सोडणे हाही तितकाच खरा उपाय आहे.

१३. कफ हिरवा-पिवळा झाला आहे. अँटिबायोटिक सुरू करू का?

केवळ रंगावरून करू नये. साध्या विषाणूजन्य सर्दीतही काही दिवसांनी कफ दाट आणि पिवळा-हिरवा होतो. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. त्याची गरज केव्हा पडते, यासाठी प्रश्न १९ पाहावा.

त्याहून अधिक काळजीची गोष्ट म्हणजे स्वतःहून सुरू केलेली स्टेरॉइडची गोळी. ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीने २०२० मध्ये दाखवून दिले की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड रुग्णांचे प्राण वाचतात, परंतु ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना तिचा फायदा होत नाही. घरी, आजाराच्या पहिल्या दिवसांत ती घेणे धोक्याचे आहे. दम्याचा स्टेरॉइड इनहेलर मात्र बंद करू नये.

१४. तापाची गोळी आणि सर्दीचे तयार औषध एकत्र घेतले तर चालते का?

आधी दोन्हींच्या वेष्टनावरील घटक वाचावेत. सर्दी-फ्लूच्या अनेक तयार औषधांत पॅरासिटामॉल असतेच; वरून तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. निरोगी प्रौढाने सर्व मिळून २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये; यकृताचा आजार, कमी वजन किंवा मद्यपान असल्यास मर्यादा याहून कमी असते आणि ती डॉक्टरांनी ठरवावी. नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

१५. घरात लहान मूल आहे आणि मी आजारी आहे. बाळाला स्तनपान देऊ का? मुलाला औषध काय द्यावे?

स्तनपान थांबवू नये. दुधातून बाळाला प्रतिपिंडे मिळतात, आणि संसर्ग पसरतो तो दुधातून नव्हे, श्वासातून. म्हणून पाजण्यापूर्वी हात धुवावेत आणि मास्क घालावा. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे आईने गरोदरपणात घेतलेली लस आणि घरातील इतरांचे लसीकरण हेच त्याचे कवच असते. सहा महिने ते आठ वर्षे या वयात पहिल्यांदा लस घेणाऱ्या मुलांना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

मुले आणि किशोरवयीन यांना तापात अॅस्पिरिन देऊ नये. त्याचा संबंध मेंदू व यकृताला इजा करणाऱ्या राय सिंड्रोम या दुर्मिळ पण गंभीर विकाराशी आहे. चार वर्षांखालील मुलांना दुकानातून स्वतःहून आणलेले खोकल्याचे औषध देऊ नये. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा जिवाणूच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होऊ शकतो. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

१६. मला मधुमेह आणि हृदयविकार आहे. माझ्यासाठी काय वेगळे आहे?

मधुमेहात आजारपणाने रक्तातील साखर वाढते, म्हणून जेवण कमी झाले तरी इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. साखर अधिक वेळा तपासावी आणि मात्रा डॉक्टरांना विचारून बदलावी. हृदयविकारात फ्लूचा धोका फुप्फुसांपुरता मर्यादित राहत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. त्यामुळे अशा व्यक्तींनी फ्लूची लस चुकवू नये आणि न्यूमोकोकल लशीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिरचा काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी विरोध असतो, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आधीच लिहून तयार ठेवावी.

१७. रुग्णालयात कधी जायचे, हे कसे ठरवावे?

श्वास घेताना त्रास होणे, छातीत सतत दुखणे किंवा दाब जाणवणे, गोंधळल्यासारखे होणे, जागे करूनही नीट जाग न येणे, ओठ किंवा चेहरा निळसर अथवा राखाडी पडणे, आणि लघवी जवळजवळ बंद होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी निघावे. मुलांमध्ये श्वासाबरोबर फासळ्या आत ओढल्या जाणे आणि पाणी पिणे सोडून देणे या खुणा पाहाव्यात. पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली राहू लागला तर डॉक्टरांशी बोलावे, आणि तो ९० किंवा त्याखाली गेला तर रुग्णालय गाठावे. बोटे गार असणे आणि नखांवर रंग असणे यांमुळे आकडा चुकू शकतो, तर गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवला जाऊ शकतो. म्हणून आकडा चांगला असूनही माणसाला धाप लागत असेल, तर माणसाकडे पाहून निर्णय घ्यावा.

१८. फ्लू आणि कोविड एकाच वेळी होऊ शकतात का?

होऊ शकतात, जरी हे फार वेळा घडत नाही. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आल्याने दुसरा आजार नाही असे सिद्ध होत नाही. धोका अधिक असलेल्या रुग्णाची अवस्था एका आजाराच्या उपचारांनी सुधारत नसेल, तर दोन्हींची चाचणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

१९. ताप उतरला होता, बरेही वाटत होते, आणि आता पुन्हा ताप आला आहे. असे का?

बरे वाटून पुन्हा बिघडणे ही दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. विषाणूने इजा केलेल्या फुप्फुसांत नंतर जिवाणूंचा न्यूमोनिया होऊ शकतो. १९१८ च्या महासाथीत जगभरात किमान ५ कोटी माणसे दगावली असा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेक मृत्यूंमागे असाच न्यूमोनिया होता, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज आहेत, आणि ती याच प्रसंगासाठी आहेत. दुसऱ्यांदा ताप चढला, खोकला वाढला किंवा थंडी वाजून आली तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. कोविडमध्ये लक्षणे काही दिवसांनी सौम्य रूपात परतणेही शक्य असते. तसे झाल्यास पुन्हा वेगळे राहावे (प्रश्न ७).

२०. घरात कीमोथेरपी सुरू असलेली व्यक्ती आहे. वरचे नियम तिलाही लागू होतात का?

काही होतात, काही होत नाहीत. कीमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असलेल्या व्यक्तीमध्ये लशीचा प्रतिसाद कमी असू शकतो, विषाणू अनेक आठवडे टिकू शकतो, आणि प्रश्न ७ मधील दिवसांची गणना तिला लागू पडत नाही. तिने पुन्हा कधी मिसळावे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांचा प्रश्न १६ मधील कोविडच्या गोळ्यांशी गंभीर विरोध असतो. नाकात फवारायच्या फ्लूच्या लशीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असल्याने ती अशा व्यक्तीला दिली जात नाही. इंजेक्शनची लस देता येते, पण तिची वेळ उपचारांच्या फेऱ्या पाहून ठरवतात. कीमोथेरपीदरम्यान ३८ अंशांचा ताप आला तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. रात्र असली तरी उपचार चालू असलेल्या रुग्णालयाला लगेच फोन करावा. त्यासाठी तो क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवावा.